स्कँडिनेव्हियन-युरोपियन जॅझ ऐकायला घेतलंय. लाइव्ह रेकॉर्डिंग घ्यावं की स्टुडिओ अल्बम? टाळ्या-खोकल्यांनी रसभंग होत नाही का?

लाइव्ह. प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर एवढंच आहे.

दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही 'खोकला' हा शब्द घातला नसता तर मी इथे लिहायला बसलोच नसतो. ईएसटी (एस्ब्यॉर्न स्वेनसॉन ट्रिओ) या स्वीडिश त्रिकुटाचा 'लाइव्ह इन हॅम्बुर्ग' नावाचा अल्बम आहे. २२ नोव्हेंबर २००६, बुधवार, हॅम्बुर्गचं लाइसहाले सभागृह. त्यात एका अगदी हळू जागी बारीकसा खोकला येतो, आणि तो माझा आहे. आजवर माझ्याशिवाय कोणीही हे मान्य केलेलं नाही. थोरल्या भावाने तर मुळीच नाही. मूळ भांडण त्याच्याशीच असल्यामुळे आधी त्याच्याबद्दल सांगतो.

दादा बँकेत होता. पगारातले पैसे साठवून त्याने टर्नटेबल आणि कॅसेट डेक घेतला होता, आणि डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्याला देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता. त्याचा एक मित्र बोटीवर नोकरीला. तो सुट्टीवर आला की चार-दोन एलपी आणायचा, त्या आठ दिवसांच्या बोलीवर आमच्याकडे यायच्या आणि दादा त्या टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घ्यायचा. त्या वेळात घरात चालायचं नाही, सुई उडते. आईलासुद्धा मोरीत जायचं तर त्याला विचारून. आणि तुकडा संपत आला की हा माणूस रेकॉर्ड लेव्हलच्या बटणावर दोन बोटं ठेवून बसायचा. शेवटचा सूर विरला रे विरला की बटण अलगद शून्यावर. टाळ्या कॅसेटवर येता कामा नयेत. "टाळ्या म्हणजे कचरा. संगीत संपलं की संपलं."

पियानोवादक कीथ जॅरेटचा, जर्मनीतल्या कोल्न शहरात वाजवलेला 'कोल्न कॉन्सर्ट' मी बाराव्या वर्षापासून असा ऐकला. नावात 'कॉन्सर्ट' होतं, पण माझी पक्की समजूत होती की हा गृहस्थ रात्री दाराला कडी लावून एकटाच वाजवत बसलाय. पुढे पंचविशीत पहिल्यांदा सीडी हाती आली. पहिला भाग संपला आणि हेडफोनमधून टाळ्यांचा असा लोट आला की मी दचकून मागे वळून पाहिलं. चौदाशेच्या आसपास माणसं होती हो तिथे! २४ जानेवारी १९७५, त्या दिवशीचा ऑपेरा उरकल्यावर रात्री साडेअकराच्या सुमाराला सुरू झालेली मैफल. ठरलेला मोठा पियानो स्टेजवर आलाच नाही, तालमीचा छोटा आणि धड सुरातही नसलेला पियानो आला. जॅरेट वाजवायला तयार नव्हता, कार्यक्रम ठरवणाऱ्या कोवळ्या पोरीने, व्हेरा ब्रांडेसने, त्याला कसाबसा राजी केला. वरच्या पट्ट्या किरकिऱ्या म्हणून तो मधल्या सप्तकात राहिला आणि डाव्या हाताने तेच ते ठेके घोटत राहिला. समोर भरलेलं सभागृह नसतं तर त्या पियानोला त्याने हातही लावला नसता. आणि माझ्या दादाने ती चौदाशे माणसं दोन बोटांनी बाहेर काढून टाकली होती. जॅरेटचं वाजवता वाजवता कण्हणं मात्र त्याला काढता आलं नाही, त्याचा दादाला कायमचा त्रास.

(जॅरेट अमेरिकन आहे आणि कोल्नला एकटा होता, तुम्ही विचारलंत ते युरोपियन मंडळींबद्दल. माहीत आहे. येतोच.)

तर हॅम्बुर्ग. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी तिथे होतो. नोव्हेंबरात त्या गावात दुपारी चारलाच दिवेलागण होते आणि पाऊस असा पडतो की धड भिजतही नाही, धड कोरडंही राहत नाही. दहा दिवस मला खोकला होता. ईएसटीचं तिकीट आधीच काढलेलं, सोडवत नव्हतं. आईने पाठवलेलं ज्येष्ठमध खिशात टाकलं, गेन्झमार्क्ट स्टेशनला उतरलो आणि गेलो. लाइसहाले हे १९०८ सालचं जुनं, थाटाचं सभागृह. तिथे बसलं की आपोआप पाठ ताठ होते. रेकॉर्डिंग चाललंय हे मला ठाऊकच नव्हतं.

एस्ब्यॉर्न स्वेनसॉन पियानोवर इतका वाकून वाजवायचा की कपाळ पट्ट्यांना लागेल असं वाटावं. मधेच एक हात आत घालून तारा दाबून धरायचा. सूर मग लाकडावर टिचकी मारल्यासारखा निघायचा. डॅन बर्ग्लुंड डबल बास या मोठ्या उभ्या तंतुवाद्यावर गज फिरवायचा आणि पायाखालचं पेडल दाबलं की त्या बासची थेट रॉकवाली गिटार व्हायची. मॅग्नुस ओस्त्रॉम ड्रमवर, हा स्वेनसॉनचा लहानपणापासूनचा दोस्त. हे सगळं दणक्यात चाललं होतं तोवर माझा घसा गप्प होता. मग एका जागी तिघेही उतरत उतरत जवळजवळ थांबले, पियानोचा एकेक सूर सुटा सुटा पडायला लागला, आणि नेमकी तिथेच घशात खवखव सुरू झाली.

मी श्वास धरला. डोळ्यांतून पाणी. ज्येष्ठमधाचा तुकडा काढायला गेलो तर पुडी कुरकुरली, आणि पुढच्या रांगेतल्या मानेत एक ताठरपणा आला, बस. शेजारच्या आजींनी न बघता एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. तिचा कागद उलगडायचा म्हणजे खोकल्यापेक्षा मोठा आवाज. शेवटी मफलर तोंडात कोंबला आणि एकदाच, छोटासा, खोकलो. स्वेनसॉनने मान वर केली नाही. पुढचा सूर टाकायला किंचित उशीर केला असं मला वाटलं. ते माझ्यामुळे असं म्हणण्याइतका मी वेडा नाही. पण उशीर केला.

पुढच्या वर्षी अल्बम आला. मी दोन प्रती घेतल्या, एक दादाला पाठवली, सोबत त्या जागेची मिनिटं-सेकंदं लिहून. आठवड्याने फोन: "काही ऐकू येत नाही. आणि येत असेल तर इंजिनीअर नालायक." म्हणजे दोन्हीकडून मीच हरलो. त्यात ज्यांना तो नालायक म्हणाला ते त्या बँडचे ध्वनी-अभियंते ऑके लिन्टन. ते या त्रिकुटाचे चौथे वादकच समजले जात.

जून २००८ मध्ये स्टॉकहोमजवळ पाण्याखाली डायव्हिंग करताना स्वेनसॉन गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. बातमी मी ऑफिसात वाचली. संध्याकाळी घरी येऊन ती सीडी लावली आणि पहिल्यांदाच खोकल्याची जागा शोधली नाही. त्या रात्री दादाचा फोन आला. खोकल्याचा विषय त्यानेही काढला नाही.

आता तुमचा प्रश्न. या मंडळींच्या स्टुडिओ अल्बमांबद्दल जे सगळीकडे लिहिलेलं असतं ना, फ्योर्ड, बर्फ, एकांत, उत्तरेचा प्रकाश, ती निम्मी मुखपृष्ठांची करामत आहे. म्युनिकच्या ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने ओस्लोत नेऊन जे ध्वनिमुद्रित केलं त्यावर एक ठरावीक गारवा असतो. सुंदर असतो, नाही म्हणत नाही. पण त्यावरून ही माणसं सदा खिडकीतून बर्फ बघत बसतात असं वाटायला लागतं. लाइव्ह ऐका, घाम ऐकू येतो.

पुरावा हवा तर जॅरेटची युरोपियन चौकडी घ्या: सॅक्सोफोनवर यान गार्बारेक, बासवर पाले डॅनिएलसॉन, ड्रमवर योन क्रिस्टेन्सेन. दोन नॉर्वेजियन आणि मधला स्वीडिश. ओस्लोत १९७७ ला केलेला 'माय साँग' ऐका, अगदी मऊसूत, जेवणानंतर लावण्यासारखा. मग त्याच चौघांचं १६ एप्रिल १९७९ चं टोकियोचं रेकॉर्डिंग 'स्लीपर' ऐका. 'ओएसिस' नावाचा एकच तुकडा अठ्ठावीस मिनिटं चालतो आणि गार्बारेकचा सूर जागोजागी फाटतो, मुद्दाम फाडलेला. हे टेप तेहेतीस वर्षं पडून होतं, २०१२ ला बाहेर आलं. आम्ही मात्र 'माय साँग'लाच ती चौकडी समजत होतो.

गार्बारेकचं तर अजबच. १९७० पासून ईसीएमकडे अल्बमांवर अल्बम, आणि त्याच्या ग्रुपचा पहिला लाइव्ह अल्बम 'ड्रेस्डेन' आला २००९ ला. ऑक्टोबर २००७ मधली मैफल. त्यात नेहमीचा बासवादक एबरहार्ट वेबर नाही, कारण त्याच वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि वाजवणंच संपलं. पुढे वेबरने काय केलं ते दादाला मी तीनदा सांगितलंय, इथे चौथ्यांदा लिहितो. गार्बारेकच्या मैफिलींत तो वर्षानुवर्षं जे एकट्याने बास वाजवायचा, ती जुनी रेकॉर्डिंगं काढली, त्यांवर काम केलं आणि त्यांतून नवा अल्बम उभा केला: 'रेझ्युमे', २०१२. हात चालत नसताना. मैफिलींची टेपं कोणी जपून ठेवली नसती तर तो माणूस कशातून वाजवणार होता?

जपणाऱ्यांत तिकडच्या रेडिओचा वाटा फार मोठा. कोपनहेगनच्या माँमार्त्र क्लबातून १९६४ ला सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनच्या मैफिली डॅनिश रेडिओने प्रसारित केल्या, त्या पुढे स्टीपलचेस कंपनीने अल्बम म्हणून काढल्या. बासवर नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन, तेव्हा जेमतेम अठराचा. मागे लोकांच्या गप्पा आणि क्लबातली खुडबुड. या पोराच्या बोटांची तयारी त्या खुडबुडीच्या वरून ऐकू येते म्हणूनच कळते.

दादाचं यावर म्हणणं, "क्लब वेगळा, आपण घरी ऐकतो." बरं. मग मल्लिकार्जुन मन्सूरांच्या खासगी मैफिलींच्या कॅसेटी कोणी जमवल्या? त्यात तर 'आहा', 'क्या बात है' आणि कोणाचं तरी तान्हं मूलसुद्धा आहे. त्या कॅसेटींवर बटण का फिरलं नाही? १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाला मुंबईच्या रंगभवनात बसल्याच्या गोष्टी हाच माणूस आजही सांगतो, आणि त्यात वाजलं काय यापेक्षा शेजारी कोण बसलं होतं हेच जास्त असतं.

थोडं सावरून घेतो, नाहीतर खाली कोणीतरी वाद घालायला येईलच. लाइव्ह म्हणून काहीही उचलू नका. प्रेक्षकांतून चोरून टिपलेली रेकॉर्डिंगं बहुतेक वेळा नुसती चिखल असतात. यान योहान्सनचा १९६४ चा 'जॅझ पो स्वेन्स्का' स्टुडिओतलाच आहे, नुसता पियानो आणि बास, स्वीडिश लोकगीतं, आणि त्यात दुसरं कोणी असतं तर मला खपलं नसतं. पोलंडचा ट्रम्पेटवादक टोमाश स्टान्को तुम्हाला कुठल्याही रूपात मिळाला तरी घ्या. आणि सुरुवातीला हेडफोन नको, खोलीत स्पीकरवर ऐका. हेडफोनवर माणूस खोकलेच शोधत बसतो. अनुभव आहे.

राहता राहिला दादा. काही वर्षांपूर्वी तो आणि वहिनी आमच्याकडे आले होते. गार्बारेकचा कार्यक्रम होता, तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू, म्हणजे आपल्या शोभाताई गुर्टूंचा मुलगा. शोभाताईंच्या ठुमरीवर दादाचा जीव, म्हणून निमूट आला. मध्यंतरी त्रिलोक एकटाच वाजवायला बसला. तोंडाने बोल म्हणत, शेजारच्या बादलीत झांज बुडवून वर काढत. पाणी निथळताना तिचा सूर वाकडा होत खाली यायचा. सभागृह चिडीचूप. मग एक लांबलचक तिहाई, आणि तो समेवर आला.

"वाऽऽह!"

दादाच. बँकेच्या काउंटरवर टोकन नंबर पुकारायचा तोच आवाज. आमच्या पुढच्या दोन रांगा एकदम वळल्या. वहिनीने त्याचा कोट ओढला. त्रिलोकने न थांबता आमच्या दिशेला काठी उंचावली.

ती मैफल कोणी रेकॉर्ड केली होती का, हे मी तेव्हापासून शोधतोय. कोणाकडे असेल तर कळवा. दादा म्हणतो, तो ओरडलाच नव्हता.