वाचक विचारतात: तंबू कुठे टाकायचा, मेसा व्हर्देला की चाकोला?

उन्हाळी सुट्टी संपत आली की अमेरिकेतल्या वाचकांकडून फोर कॉर्नर्सचे प्रश्न यायला लागतात. कोलोराडो, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथे एकमेकांना भिडतात तो सगळा उंचावरचा, कोरडा, लालसर मुलूख, आणि त्यात प्युब्लो या मूळ अमेरिकन लोकांच्या हजार-आठशे वर्षांपूर्वीच्या वस्त्या. कोलोराडोतलं मेसा व्हर्दे आणि न्यू मेक्सिकोतलं चाको ही त्या वस्त्यांचीच दोन पार्कं. यावेळी त्यातलेच पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, आम्ही फिनिक्सला राहतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या लाँग वीकेंडला मेसा व्हर्दे आणि चाको दोन्ही करायचंय. पुण्याहून सासू-सासरे आलेत, दोघंही सत्तरीचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि आमची दोन मुलं आहेत ८ आणि ११ वर्षांची. नवरा म्हणतो चाकोच्या कॅम्पग्राउंडवरच राहू, रिव्ह्यू भारी आहेत, सगळं जवळ आहे. मला मात्र टेन्शन आलंय. काय करावं?

उत्तर: टेन्शन अगदी रास्त आहे हो. पहिलं म्हणजे तीन दिवसांत दोन्ही करायचं डोक्यातून काढूनच टाका. फिनिक्सहून मेसा व्हर्देला सातेक तास, तिथून चाको आणखी तीनेक तास, मग परत घर, म्हणजे सासू-सासऱ्यांनी अमेरिकेत येऊन पाहिलं काय तर तुमच्या गाडीची मागची सीट. एक निवडा, आणि या खेपेला मेसा व्हर्देच निवडा.

आता नवरोबांच्या "जवळ आहे" बद्दल. बहुतेक जण मॅप उघडतात, जागा किती मैलांवर आहे ते बघतात, मग फोटो आणि स्टार्स, की झालं बुकिंग. या भागात मैलांवर जाऊ नका. मी आधी दोनच गोष्टी बघते, शेवटचे वीसेक मैल रस्ता कसा आहे आणि प्यायचं पाणी कुठे मिळतं, बाकी सगळं नंतर. चाकोच्या गॅलो कॅम्पग्राउंडचं घ्या. यूएस ५५० हायवे सोडला की २१ मैल आत जायचं, त्यातले पहिले ८ डांबरी, पुढचे १३ कच्चे, आणि शेवटचे साडेचार मैल तर असे की डिकीतले डबे वाजत वाजत जातात. पाऊस झाला की त्याच रस्त्याचा चिखल होतो, आणि लेबर डेला तिकडचा मान्सून संपलेला नसतो बरं का, जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी ढग भरून येणं हे रोजचंच. निघायच्या दिवशी व्हिजिटर सेंटरला फोन करून रस्ता कसाय ते विचारायचंच, कारण एकदा आत शिरलं की फोनला रेंज नाही. शॉवर नाही, दुकान नाही, पेट्रोल नाही, सावली नाही. आणि कॅम्पग्राउंडवरचं पाणी प्यायचं नाही, प्यायचं पाणी मैलभरावरच्या व्हिजिटर सेंटरवरून भरून आणायचं. धडधाकट माणसांना यात मजा येते, पण रात्री दोनदा उठणाऱ्या आणि गुडघे धरलेल्या सासूबाईंना नाही येणार.

मेसा व्हर्देचं मोरफिल्ड कॅम्पग्राउंड गेटपासून ४ मैल आत आहे, रस्ता पूर्ण डांबरी, वळणावळणाचा. २६७ जागा आहेत त्यामुळे सहसा फुल होत नाही, पण लाँग वीकेंड आहे तर बुक करूनच जा. शॉवर आहेत, कपडे धुवायची मशिन्स आहेत, छोटं दुकान आणि पेट्रोल पंपही आहे. संध्याकाळी हरणं तंबूंच्या मधून खुशाल चरत फिरतात, मुलं तिथेच गार होतील. हां, एक लक्षात घ्या, कॅम्पग्राउंड आत असलं तरी क्लिफ पॅलेसचा, म्हणजे कड्यातल्या घरांचा भाग तिथून पुढे आणखी अर्धा-पाऊण तास आहे, त्यामुळे "मधेच तंबूत येऊन जेवू" असले प्लॅन करू नका, डबा बरोबर घ्या.

सासू-सासऱ्यांना तंबू नकोच वाटला तर फार व्ह्यू लॉज पार्कच्या आतच आहे, त्यांना तिथे रूम घ्या आणि तुम्ही चौघं मोरफिल्डला झोपा. मला विचाराल तर हाच उत्तम तोडगा, सुनेलाही एक रात्र मोकळी मिळते!

उंचीचं मात्र मनावर घ्या. मोरफिल्ड आहे ७,८०० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा दोन हजार फुटांहून जास्त वर, आणि फार व्ह्यू त्याच्याही वर. पहिल्या दिवशी दम लागतो, डोकं जड होतं, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा आणि पाणी पीत राहा. दुपारी ऊन चटकतं आणि रात्री स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतं, फिनिक्सच्या माणसाला हे खरंच वाटत नाही.

आणि स्वयंपाक. एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी टणकच राहते आणि गॅसचा सिलेंडर मात्र संपतो. तीन लिटरचा छोटा कुकर न्या किंवा सरळ मूगडाळीची खिचडी करा. फक्त शिट्ट्या रात्री दहाच्या आत, नंतर क्वाएट अवर्स असतात आणि शेजारच्या तंबूतल्या लोकांना कुकर ही काय वस्तू आहे ते माहीत नसतं. उरलेलं, अगदी चिवड्याचं पाकीटसुद्धा, गाडीत बंद करून झोपायचं, त्या भागात काळी अस्वलं आहेत.

कड्याच्या कपारीतली घरं जवळून बघायची तर रेंजरबरोबर तिकिटाच्या टूरने जावं लागतं. ही तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर १४ दिवस आधी सकाळी ८ वाजता, माउंटन टाइमने, उघडतात. फिनिक्सवाल्यांनी इथे नीट वाचा, ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात कोलोराडो तुमच्या एक तास पुढे असतं. बुकिंग करताना तुमच्याकडे सकाळचे ७ वाजलेले असतील, आणि तिथे पोचल्यावर घड्याळ पुढे न करता दहाच्या टूरला गेलात तर टूर तासापूर्वीच निघून गेलेली असेल. कुठली टूर चालू आहे ते मात्र सीझनप्रमाणे बदलतं. बाल्कनी हाउसला ३२ फुटी शिडी आणि १८ इंच रुंदीचा बोगदा आहे, रांगत जायचं, तो मुलांसाठी आणि नवरोबांसाठी ठेवा. सासूबाईंना मेसा टॉप लूप करा, सहा मैलांचा रस्ता, गाडी थांबवायची, दहा पावलं चालायचं, बघायचं. आधी जमिनीत खणलेली खड्ड्यांची घरं दिसतात, मग वर बांधलेली, आणि सन टेंपलपाशी आलात की दरीपलीकडे समोरच क्लिफ पॅलेस, दीडशे खोल्यांचं अख्खं गाव कपारीत बसवलेलं. आपल्या वेरूळसारखं डोंगर कोरून काढलेलं नाहीये हे, तयार कपारीत दगड आणि मातीचं बांधकाम आहे, सासरेबुवांना हा फरक लगेच दिसेल.

पैशांचं एकच सांगते, वर्षाचा नॅशनल पार्क पास असला तरी तो फक्त गेटचा. कॅम्पिंग आणि टूरचे पैसे वेगळे.

नवरोबांना सांगा, चाको सोडू नका, फक्त वेगळं करा. मे किंवा ऑक्टोबरमध्ये मुलांना घेऊन दोन रात्री. गॅलोमध्ये तंबूंच्या मागेच कड्याला टेकून एक छोटी जुनी वस्ती आहे, सकाळी चहाचा कप हातात घेऊन बघता येते. चाकोतल्या प्युब्लो बोनितो या भल्यामोठ्या इमारतीचं बांधकाम नवव्या शतकाच्या मध्यापासून बाराव्यापर्यंत चाललं, सहाशेच्या वर खोल्या, काही भाग चार-पाच मजली. २०१३ पासून चाको हे डार्क स्काय पार्कही आहे, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेलं, अमावस्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा शोधावी लागत नाही. वस्त्यांकडे नेणारा आतला लूप रोड सूर्यास्ताला बंद होतो, त्यामुळे बाहेर फार्मिंग्टनला हॉटेल घेणारे अर्धा दिवस त्या कच्च्या रस्त्यावरच घालवतात. तिथे आत राहण्यात अर्थ आहे, पण आजी-आजोबांना घेऊन नाही.

प्रश्न: आमचा मुलगा कुठेही गेला की दगड, खापरं गोळा करतो. आणि शेकोटीसाठी आजूबाजूची वाळकी काटकी वापरली तर चालते का? (डॅलस)

उत्तर: दोन्हीला नाही. खापराचा तुकडा खिशात घालणं हा १९७९ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि तिथले रेंजर "लहान मूल आहे हो" ऐकून घेत नाहीत. उचलून बघून दुसऱ्या दगडावर नीट मांडून ठेवणं हेही नको, तुकडा कुठे पडलाय यावरूनच अभ्यासकांना कळतं. त्याला फोटो काढायला शिकवा. आणि प्युब्लो लोक कुठे नाहीसे झालेले नाहीत, होपी, झुनी, आकोमा, सगळे आजही आहेत, त्यांच्या पूर्वजांची घरं आहेत ही, एवढं मुलाला सांगितलं तरी त्याला समजतं.

काटक्यांचं कारण मला जास्त आवडतं. चाकोच्या इमारतींना दोन लाखांहून जास्त लाकडं लागली असा अंदाज आहे, आणि जवळ जंगल नव्हतं म्हणून ती ७०-७५ किलोमीटरवरच्या डोंगरांतून आणली, बैल नाहीत, घोडे नाहीत, चाक नाही, माणसांनी उचलून. त्या तुळयांमधली वर्षवलयं मोजून इमारतींचं वय काढतात. कित्येक वर्षं ही मोजदाद एका जागी अडली होती, जुनी मालिका आणि आजच्या झाडांची मालिका जुळत नव्हती, आणि १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो गावात एक जळकी तुळई सापडली तेव्हा दुवा जुळला. जळकी! त्यामुळे त्या भागात पडलेलं कुठलंही लाकूड "वाळकंच तर आहे" म्हणून शेकोटीत घालायचं नाही. लाकूड जवळच्या गावातून विकत घ्या, आणि आगीचे निर्बंध लागले असतील तर तेही विसरा, बटणाने बंद होणारा गॅस स्टोव्ह बहुतेक वेळा चालतो, तरी गेटवर विचारा.

प्रश्न: आम्ही डेन्व्हरचे चार स्टुडंट. काहीच बुक नाहीये, शुक्रवारी निघायचंय. कुठे जागा मिळेल?

उत्तर: होव्हनवीप. युटा-कोलोराडोच्या सीमेवर, मेसा व्हर्देजवळच्या कोर्टेझ गावाहून तासाभरावर. ३१ जागा, जो आधी येईल त्याची, म्हणून शुक्रवारी रात्री उशिरा का होईना पोचा, किंवा फार तर शनिवारी दुपारच्या आत. उंची ५,२०० फूट, म्हणजे मेसा व्हर्देपेक्षा रात्री जरा सुसह्य आणि दुपारी जास्त तापलेलं. फ्लश टॉयलेट आहे, खायला काही मिळत नाही, पेट्रोल कोर्टेझलाच भरा. जीपीएस तिथे भलत्याच कच्च्या रस्त्याला घालतं, पार्कनेच दिलेल्या सूचना डाउनलोड करून ठेवा.

मला विचाराल तर गर्दीचा कंटाळा असणाऱ्यांनी मेसा व्हर्देच्याही आधी इथे जावं. स्क्वेअर टॉवरचा दोन मैलांचा ट्रेल कॅम्पग्राउंडजवळूनच सुरू होतो, दरीच्या काठावर आणि एकेका सुट्या शिळेवर तेराव्या शतकातले मनोरे उभे आहेत, एवढ्या वाकड्या खडकावर पाया कसा धरला असेल ते बघत बसावं. उन्हं तिरपी झाली की जा. मे अखेर आणि जूनमध्ये मात्र चावरी चिलटं असतात, तेव्हा नको.

प्रश्न: कॅन्यन द शेला गेटची फी नाही असं ऐकलं, मग तिथेच का कॅम्प करू नये?

उत्तर: करा की, ॲरिझोनातल्या चिन्ले गावाजवळ कॉटनवुड कॅम्पग्राउंड आहे, नावाप्रमाणे मोठाली झाडं आहेत, या मुलखात सावली म्हणजे चैन. पण ही नॅव्हाहो नेशनची, म्हणजे नॅव्हाहो या मूळ अमेरिकन लोकांची जमीन आहे, आत माणसं राहतात, शेती करतात. कॅम्पग्राउंड त्यांचंच, त्यामुळे नॅशनल पार्कचा पास चालत नाही. दरीत उतरायचं तर नॅव्हाहो गाइड बरोबर लागतो, वरच्या कडेच्या रस्त्यांवरून मात्र आपलं आपण बघता येतं. दारू पूर्ण बंद, गाडीत ठेवलेलीसुद्धा. आणि पुन्हा घड्याळ, ॲरिझोना वेळ बदलत नसलं तरी नॅव्हाहो नेशन बदलतं, गाइडची वेळ ठरवताना "कुणाच्या घड्याळाने?" हे विचारून घ्या.

प्रश्न: बे एरियाहून दोन कुटुंबं मिळून मोठी आरव्ही (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतोय, ३६ फुटी. मोरफिल्ड, गॅलो दोन्हीकडे चालेल ना?

उत्तर: गॅलोला नाही, ३५ फुटांच्या वर घेतच नाहीत. आणि त्याच्यापेक्षा लहान घेतलीत तरी भाड्याचा करार वाचा, बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात आणि तिथे अडकलात तर टोइंगचं बिल तुमच्या नावावर. मोरफिल्डला चालेल, पण वीज-पाणी-सांडपाण्याच्या पूर्ण जोडण्या असलेल्या जागा १५च आहेत, त्या आधी पकडा. पुढे पार्कातल्याच वेदरिल मेसा या भागाच्या रस्त्यावर २५ फुटांपेक्षा लांब गाडी जात नाही, म्हणजे एवढी मोठी आरव्ही घेऊन अर्धं पार्क बघायचं राहूनच जाईल. दोन कुटुंबं आहात तर दोन मिनीव्हॅन आणि दोन तंबू घ्या, स्वस्तही पडेल आणि भांडण झालं तर वेगवेगळ्या गाडीत बसता येईल.