शब्द आधी की ठेका?

प्रश्न : सातवीच्या मुलांकडून गटात गाणं रचून घेते. शब्द छान सुचतात, पण तालात बसत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, आधी वह्या मिटवा! मीही कैक वर्षं शब्दांपासूनच सुरुवात करायचो, चुकत होतो. आता निम्मा वर्ग केरवा या तालाच्या 8 मात्रा (ठोके) टाळ्यांनी धरतो, तबल्याच्या बोलांत 'धा गे ना ती, न क धी ना', आणि उरलेली मुलं त्यावर नुसती बोलतात. गात नाहीत. 'उशीर झाला, बस गेली' असं काहीही. जी ओळ चार आवर्तनं (8 मात्रांच्या चार फेऱ्या) न अडखळता टिकते, तीच ठेवायची. वजनदार शब्द समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतोय का, हे मुलांनाच ऐकू द्या. लय पळाली (पळतेच!) तर टाळ्या थांबवून पायाने ठेका धरायला लावा. चाल बहुधा त्या बोलण्याच्या चढउतारातूनच निघते.