वॉटकिन्स ग्लेनला पहिल्यांदा जाताय?

आधी बुटांचं बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या या घळीत दगडी पायऱ्याच आठशेच्या वर आहेत आणि कडांवरून पाणी झिरपत असल्यानं त्यातल्या बऱ्याच भर उन्हाळ्यातही ओल्याच. चपला नकोत, गुळगुळीत तळाचे बूटही नकोत.

वाट जेमतेम अडीच किलोमीटरची, धबधबे १९. घाई करून हे अंतर संपवू नका, फार हळहळ वाटेल. कॅव्हर्न कॅस्केड आणि रेनबो फॉल्स या दोन ठिकाणी वाट पाण्याच्या पडद्यामागून जाते. तिथे थांबाच. कडेचे पापुद्र्यासारखे थर नीट पाहा. मऊ शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक, लवकर झिजतो, कठीण थर टिकून राहतात, त्यातूनच हे टप्पे आणि कुंडं घडली. मला तर धबधब्यांपेक्षा हे थरच जास्त ओढ लावतात.

खालून, गावाच्या बाजूनं चढायला सुरुवात करा. शेवटी 'जेकब्स लॅडर'च्या १८० पायऱ्या आहेत. आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना तिथवर ओढू नका. रेनबो फॉल्स पाहून परत फिरलं तरी चालतं. परतताना वरच्या इंडियन ट्रेलनं या, गर्दी कमी असते.

पाण्यात उतरायला मनाई आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा. हिवाळ्यात घळीतली वाट बंद असते, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करा. आणि शक्यतो सकाळी लवकर पोहोचा.