रेनकोटचा तराफा, पाण्यातली गोळी आणि पडणारी लिफ्ट: घरच्या घरी काय तपासता येईल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा आठवीत आहे, विज्ञान प्रकल्पासाठी त्याला सिनेमातले स्टंट आणि पलायनाच्या गोष्टी तपासायच्या आहेत. आल्काट्राझचे कैदी खरंच वाचले असतील का, पाण्यात बुडी मारली की गोळी लागत नाही हे खरं का, आणि यातलं घरी काय करून बघता येईल? मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. हा विषय वर्गात दरवर्षी निघायचा आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलाला पहिली सवय ही लावा की 'हे शक्य आहे का?' असा प्रश्नच विचारायचा नाही. त्यातून नुसता वाद होतो. गोष्टीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं: किती? किती खोल, किती वजन, किती वेळ. जो तुकडा सगळ्यात आधी तुटतो, तोच तपासायचा.

आल्काट्राझचंच घ्या. ११ जून १९६२ च्या रात्री फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरन्स अँग्लिन हे दोघे भाऊ सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या त्या बेटावरच्या तुरुंगातून निसटले. चौथा, ॲलन वेस्ट, याला आपल्या कोठडीचं भोक वेळेत मोठं करता आलं नाही, तो मागे राहिला. तपास यंत्रणेला पुढे जी माहिती मिळाली, तिच्यातली बरीच त्याच्याकडून मिळाली. धार लावलेले चमचे, व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीपासून केलेलं ड्रिल, केशकर्तनालयातले खरे केस चिकटवलेली खोटी डोकी अंथरुणात, आणि पन्नासहून अधिक रेनकोट जोडून केलेला साधारण सहा फूट बाय चौदा फुटांचा तराफा. तो फुगवायला भात्यासारखं वापरलेलं कॉन्सर्टिना, म्हणजे आपल्या पेटीच्या भात्यासारखं हातात धरून वाजवायचं वाद्य. तिघं पुन्हा कधी दिसले नाहीत. एफबीआयनं १९७९ च्या अखेरीस आपला तपास बंद केला.

आता तुकडे करू. पहिला: तरंगेल का? तीन माणसं म्हणजे २१० किलो धरा. तेवढं वजन पेलायला २१० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. तराफ्याच्या कडेची नळी ३० सेंटिमीटर व्यासाची मानली, तर एक मीटर नळीत ७० लिटर हवा मावते. म्हणजे तीन मीटर नळीत काम झालं. तराफ्याचा घेर तर बारा मीटर होतो. तरंगण्याची चिंता नाही.

दुसरा तुकडा: हवा टिकेल का? इथे गणित थांबतं आणि हात घालावे लागतात. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या चार मुलांबरोबर आम्ही हे केलं होतं. जुन्या बाजारातून आतून रबर असलेले रेनकोट आणले, उभे कापले आणि एक मीटरची नळी केली. पहिली नळी शिंप्याकडून दुहेरी टीप मारून घेतली. पाण्यात धरल्याबरोबर शिवणीच्या प्रत्येक भोकातून बुडबुड्यांची माळ निघाली आणि चार मिनिटांत नळी मऊ पडली. दुसरी शिवलीच नाही. दोन बोटं रुंद काठ एकावर एक घेतला, पॉलिश पेपरनं घासला, पंक्चरवाल्याचं सोल्युशन दोन्हीकडे लावलं, ते चिकट होईपर्यंत थांबलो, मग दाबून वर वजनं ठेवली आणि रात्रभर तसंच राहू दिलं. ती नळी तासाहून जास्त टिकली. तिलाही गळती लागली, पण सांध्यातून नाही, ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला होता तिथून. कैद्यांनी सांधे तुरुंगातल्या गरम वाफेच्या नळांवर धरून पक्के केले होते. ते का केलं, हे त्या बुडबुड्यांच्या माळेनं मुलांना जितकं कळलं तितकं मी फळ्यावर लिहून कधी कळलं नसतं.

याच प्रयोगात आमची एक चूक झाली होती, ती तुमच्या मुलाला उपयोगी पडेल. नळीवर वजन ठेवलं की ती गोल फिरून उलटायची, म्हणून आम्ही पोत्यात विटा बांधून खाली पाण्यात लटकवल्या. चाळीस किलो आरामात पेलले, सगळे खूश. मग एका मुलीनं विचारलं, "सर, विटा पाण्यात हलक्या होतात ना? मग आपण नक्की किती वजन मोजलं?" बरोबर होतं तिचं. वीट पाण्यात बुडाली की तिचं जवळजवळ निम्मं वजन पाणीच उचलतं. आमचे चाळीस किलो खरे वीस-बावीसच होते. पुन्हा सगळं मांडलं: दोन नळ्या शेजारी शेजारी बांधल्या, वर फळी आणि विटा फळीवर, पाण्याबाहेर. त्या दिवसापासून कुठल्याही प्रयोगाआधी मी 'आपण मोजतोय ते नक्की काय?' हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लागलो.

तिसरा तुकडा, एवढी हवा भरायची कशी, तोही तिथेच उलगडला. सत्तर लिटरची एक नळी भरायला सायकलचा पंप तीनशेहून जास्त वेळा मारावा लागला, मुलांचे हात भरून आले. मग अख्ख्या तराफ्याला? साडेतीन हजारांच्या वर. अंधारात, किनाऱ्यावर, पहारेकरी जागे असताना. सायकलचा पंप हवा थोडी देतो आणि दाब जास्त. तराफ्याला दाब फारसा लागत नाही, हवा भरपूर लागते. भाता नेमकं तेच करतो. कॉन्सर्टिना ही सुचलेली गंमत नव्हती, तो विचार करून निवडलेला पंप होता.

चौथा तुकडा पाण्याच्या ओढीचा, आणि खरी कसोटी इथेच आहे. बेट शहरापासून जेमतेम दोन किलोमीटर. पण त्या खाडीचं सगळं भरती-ओहोटीचं पाणी गोल्डन गेटच्या अरुंद तोंडातून आत-बाहेर करतं, त्यामुळे ओढ जबरदस्त. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे संगणकावर मांडलं. मूळ काम वेगळंच होतं, त्या खाडीच्या काठावर पुराचं पाणी कुठवर येईल ते बघण्याचं. त्याच प्रारूपात त्यांनी त्या रात्रीची भरती-ओहोटी घातली आणि रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासाला काल्पनिक तराफे सोडले. लवकर निघालेले तराफे ओहोटीबरोबर सरळ समुद्रात गेले. उशिरा निघालेले भरतीनं खाडीत मागे ढकलले, म्हणजे उजाडल्यावर पकडले गेले असते. मध्यरात्रीच्या आसपास निघून जोरात वल्हवणारे मात्र गोल्डन गेटवरच्या पुलाच्या उत्तरेकडच्या हॉर्सशू बे इथे लागू शकत होते. आणि तिथून सोडून दिलेलं सामान पुढे एंजल बेटाकडे वाहत गेलं असतं. त्यांचं एक वल्हं प्रत्यक्षात एंजल बेटाजवळच सापडलं होतं.

डिस्कव्हरीवर ज्यांचा 'मिथबस्टर्स' कार्यक्रम लागायचा त्या ॲडम सॅव्हेज आणि जेमी हाइनमन यांनी २००३ मध्ये रेनकोटचा तराफा स्वतः करून, ओहोटीची वेळ साधून तिथे घातला आणि ते पुलाच्या उत्तरेच्या किनाऱ्याला लागले. त्यांचा निकाल होता: शक्य. 'घडलं' असं त्यांनी म्हटलं नाही. मुलाला हा फरक वहीत ठळक लिहायला सांगा. प्रयोग दार उघडं आहे की बंद एवढंच दाखवतो. त्या दारातून कुणी गेलं का, हे पुराव्यानं ठरतं.

थंडी राहिली. तिथलं पाणी दहा-बारा अंशांचं. अशा पाण्यात माणूस लगेच गारठून मरतो असं लोक धरून चालतात, ते तसं नसतं. कॅनडाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा सोपा ठोकताळा असा: पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणून तराफा टिकला तर थंडी झेपते, फुटला तर दहा मिनिटांत वल्हं धरणारी बोटं गेली. त्याच वर्षी डिसेंबरात जॉन पॉल स्कॉट नावाचा कैदी फुगवलेले रबरी हातमोजे कपड्यांत घालून नुसता पोहत निघाला आणि पुलाच्या पायथ्याशी फोर्ट पॉइंटला लागला. जिवंत, पण इतका गारठलेला की त्याला आधी दवाखान्यात न्यावं लागलं आणि मग परत तुरुंगात.

माझं मत विचाराल तर तिघं किनाऱ्याला लागले असण्याची शक्यता मला खरी वाटते. सगळं मध्यरात्रीच्या आसपास निघण्याच्या त्या एका तासावर अवलंबून होतं.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं एक चित्र ओळखीचं वाटेल. १७ ऑगस्ट १६६६, आग्रा. पेटाऱ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि मुलं विचारतात, माणूस पेटाऱ्यात मावेल का, दोघांना उचलेल का? मावेल आणि उचलेल. साठ-पासष्ट किलो दोन खांद्यांवर म्हणजे हमालाच्या रोजच्या कामापेक्षा जास्त नाही. संभाजीराजे तर नऊ वर्षांचे होते. मला त्या हकिकतीत जास्त महत्त्वाचा वाटतो तो पलंगावर शेला पांघरून, कड्याचा हात बाहेर ठेवून निजलेला हिरोजी फर्जंद. तीनशे वर्षांनी आल्काट्राझमध्ये रंगवलेल्या खोट्या डोक्यांनी तेच काम केलं. पहारेकऱ्याला रोज दिसतं ते दिसत राहिलं की तो जवळ येऊन बघत नाही. हे मुलाला घरीही तपासता येईल: अंथरुणात उशा लावून ठेवायच्या आणि किती जण दारातूनच फसतात ते मोजायचं.

घोरपडीबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून तेही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडचा कडा चढताना यशवंती घोरपडीनं दोर वर नेला, ही पोवाड्यातली गोष्ट. घोरपड कायद्यानं संरक्षित आहे, तिच्यावर प्रयोगाचा विचारही नको. पण पूर्ण वाढलेली घोरपड फार तर सात-आठ किलोंची. फटीत अंग फुगवून ती घट्ट बसते हे खरं, पण शस्त्रांसकट सत्तर किलोंचा मावळा, आणि त्यामागून दुसरा, असा भार तिच्या कमरेला बांधलेल्या दोरावर टिकेल असं मला वाटत नाही. मग कडा चढला कसा? हातापायांनी, रात्री, दोर खांद्यावर घेऊन पुढे गेलेल्या माणसानं. डोणागिरीचा कडा एकदा पायथ्यापासून बघितला की कळतं, घोरपड काढून टाकल्यावर ती गोष्ट माझ्या तरी मनात अजून मोठी होते.

आता सिनेमा. गोळी आणि पाणी: पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट आहे आणि विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. बादलीत तळहात हळू फिरवा, मग जोरात, लगेच कळेल. त्यामुळे उलटाच निकाल लागतो. वेगवान रायफलची गोळी पाण्यात शिरताच फुटते. मिथबस्टर्सच्या चाचणीत अशा गोळ्या मीटरभराच्या आतच निकामी झाल्या, तर पिस्तुलाच्या हळू गोळीला थांबायला अडीच मीटरपर्यंत पाणी लागलं. म्हणजे बुडी मारणं उपयोगाचं आहे, पण हातभर खोलीवर पोहणारा नायक पिस्तुलापासून सुरक्षित नाही, आणि तीन-चार मीटर खाली त्याच्या कानाजवळून बुडबुड्यांच्या रेघा काढत जाणाऱ्या गोळ्या खोट्या आहेत. शिवाय वरून बघणाऱ्याला माणूस आहे त्यापेक्षा वर दिसतो. भाल्यानं मासे मारणारा म्हणूनच माशाच्या खाली नेम धरतो.

गोळी लागून माणूस मागे उडतो, तेही नाही. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगानं सत्तर किलोंच्या माणसात अडकली, तर त्याला वेग मिळतो सेकंदाला साडेचार सेंटिमीटर. तो उडत असेल तर बंदूक चालवणाराही तितकाच मागे उडायला हवा.

लिफ्ट तुटली आणि आदळण्याआधी उडी मारली तर? तीस मीटरवरून पडताना वेग सेकंदाला २४ मीटर. तुमच्या उडीनं त्यातले अडीच कमी होतील. उरलेले साडेएकवीस तसेच.

आणि हे सूत्र मुलाला नक्की द्या, कारण निम्मे स्टंट त्यात येतात: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. दहा मीटरवरून मीटरभर दबणाऱ्या खोक्यांवर पडलं तर शरीरावर वजनाच्या साधारण दहा पट जोर येतो. स्टंट करणारे रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा थर लावतात तो यासाठी. तेच काँक्रीटवर ताठ पायांनी, पाच सेंटिमीटरांत थांबलं, तर दोनशे पट. वीस मीटरवरून पडलेल्या नायिकेला नायक हातांवर झेलतो तेव्हा हात चाळीस सेंटिमीटर खाली जातात. म्हणजे पन्नास पट. पन्नास किलोंच्या बाईसाठी अडीच टन, त्याच्या कोपरांवर आणि तिच्या पाठीवर. झेलणारे हात आणि जमीन यांत फारसा फरक उरत नाही.

माणसांवर काहीही करून बघायचं नाही. गच्चीवरून अंडी टाका, खाली कुणीतरी मोठं माणूस उभं राहून रस्ता मोकळा ठेवेल. खाली एकदा फरशी, एकदा उशी, एकदा चुरगळलेल्या वर्तमानपत्रांचं खोकं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करून शेजारी पट्टी उभी ठेवा, थांबण्याचं अंतर थेट मोजता येतं. प्रत्येक उंचीला निदान पाच अंडी, एकावर निकाल लावू नका.

प्रकल्पासाठी एकच निवडायचं असेल तर मी रेनकोटची नळी निवडेन. रबर असलेलाच रेनकोट घ्या, साध्या प्लास्टिकला सोल्युशन धरत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो. सांधा रात्रभर वाळू द्या, व्हॉल्व्हभोवती गोल ठिगळ आतून लावा, आणि वजन फळीवर ठेवा, पाण्यात लटकवू नका. किती मिनिटं टिकली ते इथे जरूर लिहा. व्हॉल्व्हची गळती आम्हाला शेवटपर्यंत थांबवता आली नव्हती. तुमच्या मुलाला जमली तर कशी, ते मला वाचायचंय.