फ्लास्कमध्ये वाढतायत खऱ्या, पण आहेत कुणाच्या?

प्रश्न: अंडाशयाच्या कॅन्सरच्या एका पेशंटच्या पोटात साठलेल्या पाण्यातून पेशी काढल्या, दोन महिने झाले, फ्लास्कमध्ये मस्त वाढतायत, पाच पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटून पुन्हा वाढवणं) पण झाले. याला नवीन सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये न थांबता वाढत राहणाऱ्या पेशी, म्हणू शकतो का? आणि सर म्हणतात इतक्या लाइन्स आहेत, अजून एक कशाला?

उत्तर: इतक्यात नका म्हणू. पाच पॅसेज तर साध्या निरोगी पेशी पण काढतात आणि मग दमून थांबतात. आधी मायक्रोस्कोपखाली नीट बघा. फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात का लांबट, टोकदार, भोवऱ्यासारख्या वळणाने पसरलेल्या? दुसऱ्या असतील तर ते बहुतेक फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या साध्या पेशी, कॅन्सरपेशींना मागे टाकून तेच फ्लास्क भरून टाकतात. ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) थोडाच वेळ ठेवा, फायब्रोब्लास्ट आधी सुटतात, ते काढून टाका आणि खाली चिकटून राहिलेल्या पुढे वाढवा. पोटाच्या अस्तराच्या पेशी पण त्या पाण्यात असतात बरं का, आणि त्या दिसायला फसव्या, म्हणून पॅक्स८ चं (अंडाशयाच्या कॅन्सरपेशींत सहसा दिसणारं प्रथिन) स्टेनिंग करून घ्या, अस्तराच्या पेशींत ते सहसा येत नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचं, एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींच्या डीएनएची ओळखखूण. पेशंटच्या रक्ताशी जुळायलाच हवं. हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जुनी सेल लाइन) 1951 पासून जगभर फिरतायत आणि दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये घुसून बसल्यात, लोकांनी वर्षानुवर्षं भलत्याच कॅन्सरवर काम केलं! मायकोप्लाझ्मा या बारीक जिवाणूची टेस्ट पण कराच, त्याने मीडियम गढूळ होत नाही आणि पेनिसिलीनने तो मरत नाही, कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते.

सरांच्या प्रश्नाचं म्हणाल तर 2013 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या 47 लाइन्सची जनुकीय तुलना झाली, त्यात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या एसकेओव्ही३ आणि ए२७८० या दोन्ही हाय ग्रेड सीरस (अंडाशयाच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) ट्यूमरशी फारशा जुळल्या नाहीत. त्या ट्यूमरमध्ये टीपी५३ हे कॅन्सर रोखणारं जनुक जवळजवळ नेहमी बिघडलेलं असतं, ए२७८० मध्ये ते चांगलं शाबूत आहे. म्हणजे तुमचीत टीपी५३ बिघडलेलं निघालं, मूळ ट्यूमरशी मेळ बसला आणि पेशंटला सिस्प्लॅटिन हे कीमोचं औषध आधी दिलं होतं का, किती लागू पडलं ही माहिती हाताशी असली, तर अजून एक लाइन नक्कीच हवी. पेशंटची लेखी संमती घेतली असेलच, नसेल तर आधी ते.

आणि आजच थोड्या व्हायल (छोट्या कुप्या) डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव्य) घालून हळूहळू गोठवा आणि मग लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. पुढच्या पॅसेजला काय होईल सांगता येत नाही.