शल्लकी, सालई, सलाई गुग्गुळ, लोबान: नेमके काय काय?

प्रश्न असा आहे: गुडघेदुखीवर वैद्यांनी शल्लकी लिहून दिली. काष्ठौषधींच्या दुकानात तोच डिंक ‘सलाई गुग्गुळ’ म्हणून मिळाला. घरी सासूबाईंनी वास घेऊन ‘अगं, हा तर लोबान!’ असा निकाल दिला. हे सगळे एकच का? आणि झाडाचे नाव सालई लिहायचे, साळई की सळई?

आधी झाडाच्या नावाचे बघू. शल्लकी (सल्लकी असेही लिहितात) म्हणजे आपली सालई, शास्त्रीय नाव बॉसवेलिया सेराटा. शल्लकीचे प्राकृतात सल्लई झाले आणि मराठीत सालई. ‘ल’ की ‘ळ’ याचे उत्तर इथेच मिळते. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असला की मराठीत बहुधा त्याचा ळ होतो: फल-फळ, जल-जळ. जोड ल्ल असला की तो ल राहतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो: गल्ल-गाल, फुल्ल-फूल. वेळेचा ‘काळ’ आणि आजच्या आधीचा दिवस ‘काल’ यांतला फरकही असाच पडला. पहिला संस्कृत ‘काल’पासून आला, दुसरा ‘कल्य’ आणि मग ‘कल्ल’ असा. म्हणून झाड सालई. साळई लिहिणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्याशी मी भांडणार नाही. सळई मात्र नको. ती शलाकेपासून आलेली, बांधकामावरची लोखंडाची. हिंदीत झाडाला सलई, सालई आणि सलाईसुद्धा म्हणतात. दुकानातला ‘सलाई’ तिकडून आलेला दिसतो.

संस्कृतात शल्लकी म्हणजे साळिंदरसुद्धा. जुन्या ग्रंथात शब्द दिसला की आजूबाजूला झाडे आहेत की जनावरे, हे पाहूनच अर्थ लावावा. अमरकोशात झाडाला गजभक्ष्या, कुन्दुरुकी, ह्लादिनी अशीही नावे आहेत. गजभक्ष्या का, ते उघड आहे: हत्तींना ही पाने आणि डहाळ्या आवडतात. कुन्दुरु हे तिच्या डिंकाचे नाव, फारसी-अरबीत कुंदुर, आणि युनानी हकीम अजून तेच वापरतात. नागपूरकडे मात्र कुंदरू मागितलेत तर भाजीवाला तोंडली तोलून देईल!

आता गुग्गुळ. खरा गुग्गुळ कच्छ-राजस्थानच्या कोरड्या भागातल्या एका काटेरी झुडपाचा, कॉमिफोरा वायटीचा. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ यांतला तो हा. सालई आणि ते झुडूप एकाच कुळातले, दोघांचाही डिंक सुगंधी राळेचा, म्हणून व्यापाऱ्यांनी सालईच्या डिंकालाही गुग्गुळ म्हणायला सुरुवात केली असावी. पण औषध म्हणून दोन्ही वेगळे. गुग्गुळाचे झुडूप आज अतिसंकटग्रस्त गणले जाते, त्याचा डिंक महाग, आणि त्यात सालईची भेसळ होते हे जाणकारांना ठाऊक आहे. नाव सारखे ठेवल्याने ही भेसळ सोपी होते, म्हणून ‘सलाई गुग्गुळ’ हा शब्द मला मुळीच आवडत नाही.

सासूबाई शब्दाच्या इतिहासात बरोबर आणि बाजारात चूक आहेत. अरबी लुबान म्हणजे मुळात ओमान, येमेन, सोमालियाकडच्या बॉसवेलियाचा डिंक, म्हणजे सालईच्या सख्ख्या चुलत बहिणीचा. शब्दाच्या मुळाशी पांढरेपणाचा, दुधाचा अर्थ आहे. पुढे अरबांना सुमात्राकडून दुसऱ्याच एका झाडाची राळ मिळू लागली, तिला ते ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लुबान, म्हणू लागले. युरोपात त्याचेच बेंझॉइन झाले. आपल्या दुकानांत आज लोबान म्हणून मिळतो तो बहुतेक हा सुमात्राचा. ऊद हाही असाच घसरलेला शब्द: अरबीत ऊद म्हणजे लाकूड आणि विशेषतः अगरू, पण मराठी घरात निखाऱ्यावर टाकतात तो ऊद पुष्कळदा राळच असते. ‘धूप’ तर कशालाही म्हणतात. कोकण-गोव्याकडे धूप म्हणून दाखवतात ते ओल्या रानातले वेगळेच झाड.

सालई ओल्या रानात जगायची नाही. तिला मेळघाट, यावल, सातपुड्याचे खडकाळ उतार हवेत, जिथे माती जेमतेम आणि खाली गवत असते. अशा विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाला अभ्यासक आता सव्हाना म्हणू लागले आहेत. आपण त्याला ‘उजाड रान’ म्हणून मोकळे होतो आणि सरकारी कागदावर तो ‘अवनत जंगल’ होतो. खरे तर गवत पेटले तरी तग धरणाऱ्या झाडांत सालईचा नंबर वरचा आहे. रोपटे वर्षानुवर्षे वरून जळते किंवा वाळते, पण जमिनीत मुळाची गाठ फुगत जाते आणि तिथून पुन्हा फुटवा येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने नसताना झाड फुलते, तेव्हा आग्या मोहोळाच्या माश्या फुलांवर येतात. त्यांच्याशिवाय भागतही नाही, कारण स्वतःच्याच परागावर सालईला फळ धरत नाही. आजूबाजूची झाडे तोडली की उरलेल्या एकट्या झाडाला फुले असून बी कमी, हा हिशेब जंगलखात्यालाही लागू पडतो. भुसावळ-खांडवा मार्गावरच्या नेपानगरच्या कारखान्यात वृत्तपत्राचा कागद सालईच्या लाकडापासून होत असे, हे आज फार थोड्यांना आठवते.

डिंकासाठी खोडाची साल थोडी खरवडतात. ओघळलेला चिकट डिंक बांबूच्या टोपल्यांत ठेवला की पातळ रस गळून जातो आणि उरतात ते पिवळट खडे. त्यांतली बॉसवेलिक आम्ले सूज वाढवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात. नागपुरातल्या डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे ३० रुग्ण होते; वेदना कमी झाल्या, चालण्याचे अंतर वाढले, पण क्ष-किरण चित्रात फरक दिसला नाही. म्हणजे आराम पडतो, झिजलेली कूर्चा परत येत नाही. शिवाय तिथे दिला गेला तो ठरावीक प्रमाणातला अर्क. दुकानातले खडे घरी कुटून खाल्ले तर तेवढेच मिळेल असे नाही, त्यामुळे मात्रा वैद्यांनाच ठरवू द्या, आणि आधीपासून कुठली औषधे चालू असतील तर तीही सांगा.

दुकानात जाल तेव्हा ‘सालईचा डिंक’ मागा आणि वेष्टनावर बॉसवेलिया सेराटा लिहिले आहे का ते पाहा. सासूबाईंसाठी लोबान वेगळा घ्या.