पत्रिका जुळली, एचपीएलसी केली का?

लग्नसराई जवळ आली की आनुवंशिकतेबद्दलचे प्रश्न वाढतात. या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न सोयरिकीच्या आसपासचेच आहेत.

प्रश्न : मी चंद्रपूरचा. सिकलसेलच्या तपासणीत माझा रिपोर्ट ‘एएस’ आला होता. जिच्याशी लग्न ठरलंय तीही ‘एएस’ निघाली. दोघांनाही कसलाच त्रास नाही. घरचे म्हणतात, लग्न मोडा. काय करावं?

‘एएस’ म्हणजे तुम्ही दोघं वाहक आहात, रुग्ण नाही. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं आणि त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमची एक प्रत चांगली आहे, तिच्यावर तुमचं भागतं. दुसरीत डीएनएचं एकच अक्षर बदललंय आणि त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलीन बसतं. बदल एवढाच. पण दोन्ही प्रती अशाच आल्या, म्हणजे मूल ‘एसएस’ झालं, तर प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य ठणकू लागतात.

तुमचं बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के, तुमच्यासारखं ‘एएस’ असण्याची ५० आणि पूर्ण मोकळं, ‘एए’ असण्याची २५. ही शक्यता दर गरोदरपणात नव्याने तेवढीच असते. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकतो. नाणं मागचा कौल लक्षात ठेवत नाही.

लग्न मोडायचं की नाही ते मी सांगणार नाही, तो निर्णय तुम्हा दोघांचा. पण मोडणं हा एकच मार्ग आहे असं घरच्यांना वाटत असेल, तर ते खरं नाही. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून बाळ ‘एसएस’ आहे का ते कळतं. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याने आनुवंशिक आजारासाठी ही तपासणी करायला मुभा आहे. मान्यताप्राप्त केंद्रातच करा. त्यात लिंग विचारणं आणि सांगणं मात्र गुन्हा आहे. दिवस गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच जनुकतज्ज्ञाची वेळ घ्या.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तुमच्यासारखं लग्नाआधी कळणं हा त्यातला खरा फायदा. नाहीतर आजारी मूल झाल्यावरच आईवडिलांची तपासणी होते.

प्रश्न : मुलगी सिकलसेलची वाहक आहे. उल्हासनगरचं स्थळ आलंय, मुलगा थॅलेसेमिया मायनर. आजार वेगवेगळे, मग काळजी नाही ना?

आहे. ‘मायनर’ म्हणजे मुलगाही वाहकच. बीटा थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची बीटा साखळी पुरेशी बनत नाही. नावं दोन असली तरी बिघाड एकाच जनुकातले आहेत. एका प्रतीत सिकलसेल आणि दुसरीत बीटा थॅलेसेमिया असं मूल होण्याची शक्यता इथेही दर खेपेला २५ टक्के. त्यातली काही मुलं ‘एसएस’ रुग्णाइतकीच त्रास काढतात. बीटा थॅलेसेमियाला कारण ठरणारे बदल दोनशेहून जास्त आहेत. त्यामुळे नवऱ्या मुलाच्या जनुकातला नेमका बदल कोणता, हे आधीच शोधून ठेवावं लागतं. तरच गर्भाची तपासणी वेळेत होते.

शिबिरात सिकलसेलसाठी करतात ती सोल्युबिलिटी चाचणी थॅलेसेमिया पकडत नाही. त्यासाठी एचपीएलसीच हवी, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. त्यात एचबीए२ नावाचं हिमोग्लोबिन साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की मायनरची शंका घेतात. अशी कित्येक माणसं ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात असतात.

प्रश्न : दोघांचाही रक्तगट ओ पॉझिटिव्ह. लग्न चालेल का?

खुशाल करा. मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तेव्हा मात्र तिच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. गर्भपात झाला तरी ते चुकवू नका.

प्रश्न : नातवाला हिमोफिलिया निघाला. आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही. सुनेच्या माहेरच्यांनी लपवलं असेल का?

हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून बोट सुनेकडे वळतं. पण आजींनो, जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. बदल नव्यानेच झालेला असतो. सून वाहक असली तरी तिला एक दुसरा, चांगला एक्स असतो. तिला किंवा तिच्या आईला कधी काही जाणवलंच नसेल, मग लपवणार काय? तिची वाहक-तपासणी जरूर करा, पुढच्या गरोदरपणासाठी आणि तिच्या बहिणींसाठी. नातवाला स्नायूत इंजेक्शन आणि अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही, हे शाळेलाही लिहून द्या.

प्रश्न : मामाच्या मुलीशी लग्न करायचंय. गोत्र वेगळं आहे, मग हरकत नसावी?

गोत्र बापाकडून पुढे जातं, वाय गुणसूत्रासारखं. तुमचे आणि तिचे एक आजी-आजोबा सामाईक आहेत, याचा गोत्रात पत्ताच लागत नाही. मामेबहिणीशी तुमची सरासरी आठवा हिस्सा जनुकं जुळतात. मामा-भाचीच्या लग्नात तर चौथा हिस्सा. नात्याबाहेरच्या जोडप्याच्या बाळात जन्मजात दोषाची शक्यता दोन-तीन टक्के धरतात, आतेमामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच असतात. पण घराण्यात एखादा अप्रभावी आजार, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणारा, दडलेला असेल, तर हा सरासरी आकडा तुमच्या कामाचा नाही.

म्हणून सल्ल्याला येताना तीन पिढ्यांची वंशावळ काढून आणा. मावशीचं मूल ‘असंच गेलं’ एवढ्यावर थांबू नका. कितव्या वर्षी गेलं, रक्त चढवावं लागत होतं का, ऐकू येत होतं का, चालायला कधी लागलं, हे घरातल्या मोठ्या बायकांना विचारून लिहून घ्या.